वायरमनची पोटरी

वायरमनला आयुष्यात कुणाचा हेवा करायला सवड मिळाली नव्हती. शिडीवरून पडून कमरेचा मणका मोडला, उताणं पडून राहायची वेळ आली आणि ती सवड आयतीच मिळाली.

शेजारच्या खाटेवर पोस्टमन होता. वायरमननंतर तीन दिवसांनी आलेला. मणक्यातली गाठ काढायची होती. तीस वर्षं घरोघर पत्रं वाटलेली, त्यामुळे भेटायला येणाऱ्यांची रीघ. वायरमननेही अर्ध्या गावात उजेड पाडला होता. पण बटण दाबताना वायरमनची आठवण कुणाला येते?

पायांचे व्यायाम करून घ्यायला रोज एक बाई यायच्या. नुसतं पडून राहिलं की पायात रक्त साकळतं, गुठळी होते, ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस बोलता बोलता जातो, असं त्या बजावायच्या. पावलं वरखाली हलवा, घट्ट मोजे काढू नका, पाणी प्या. पोस्टमन शहाण्या मुलासारखा आकडे म्हणत पावलं हलवायचा.

"बघा, यांच्याकडून शिका," बाई एकदा वायरमनला म्हणाल्या. त्या दिवसापासून वायरमनने पावलं हलवणं सोडलं. मोजेही, उकडतं म्हणून, बायकोकडून काढून घेतले.

वायरमनच्या मणक्याचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं. एकदा साखर वाढली म्हणून, एकदा अपघाताची तातडीची केस आली म्हणून. शेवटी गुरुवार ठरला. पोस्टमनचा बुधवार.

"मागून आला आणि पुढे गेला," तो बायकोला म्हणाला.

"अहो, ऑपरेशन आहे ते. तिकिटाची रांग आहे का?"

सोमवारी सकाळी डावी पोटरी ठणकू लागली. दुपारपर्यंत सुजून गरम झाली. पायांत फारसा जोर नव्हता, पण जाणीव शाबूत होती. आपल्याला काय होतंय हे त्याला चांगलं कळत होतं. पण सांगितलं तर आपला गुरुवार जाणार आणि शेजारचा बुधवार जागच्या जागी राहणार. डॉक्टरांनी "पाय कसे आहेत?" विचारलं, तर म्हणाला, "झकास."

संध्याकाळी बायको आली तेव्हा मात्र राहवेना. "डाव्या पायात गोळा आलाय. जरा रगड."

तिने चादर सारली. हात लावणार, तोच शेजारून पोस्टमन म्हणाला, "वहिनी, दाबू नका. सुजलाय तो पाय. आधी सिस्टरना बोलवा."

"तुम्हाला काय करायचंय?" वायरमन उसळला. "माझी तारीख टळली की तुमचं समाधान होईल."

"तुमची तारीख घेऊन मी काय करू, भाऊ? मला माझीच झेपेनाशी झालीय. भीतीने दोन दिवस डोळ्याला डोळा नाही." असं म्हणून त्याने बेल दाबली.

सोनोग्राफीत मांडीपर्यंत गेलेली गुठळी दिसली. रगडली असती तर सुटलीही असती, डॉक्टर म्हणाले. गुरुवार गेला. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली, गुठळी वर जाऊ नये म्हणून पोटातल्या मोठ्या शिरेत जाळी बसवली. बायकोने पोस्टमनला हात जोडले. वायरमनला कुशीवर वळता येत नव्हतं, म्हणून त्याने नुसते डोळे मिटून घेतले. ज्याच्यावर जळायचं त्याचेच उपकार व्हावेत, याहून वाईट काही त्याला सुचत नव्हतं.

पोस्टमन ठरल्या बुधवारी गेला, नीट परत आला आणि चौथ्या दिवशी वॉकर धरून वॉर्डच्या दारापर्यंत चालला. वायरमनने त्याची पावलं मोजली. बावीस. नंतर चादरीखाली, कुणाला दिसणार नाही अशा बेताने, स्वतःची पावलं हलवायला सुरुवात केली. अडीच आठवड्यांनी त्याचंही ऑपरेशन झालं.

सहा महिन्यांनी तपासणीच्या दिवशी दोघं हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये भेटले. वायरमनच्या हातात काठी, पोस्टमनचे हात मोकळे.

"तुमचा फार हेवा वाटायचा मला," वायरमन म्हणाला. "अजून वाटतो."

"माहितेय. तोंडावर दिसायचं. बसा, चहा घेऊ."

पोऱ्याने पहिला कप पोस्टमनपुढे ठेवला. वायरमनने तेही पाहून ठेवलं, आणि मग आपला कप जवळ ओढला.