ऑर्विलच्या परातीतलं मीठ

आमच्या डोंगरात सोनं होतं, ते आमच्या पणजोबांच्या काळातच संपलं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मान्य नव्हतं ते एकट्या ऑर्विल प्रुइटला. लाकडाच्या गिरणीत त्याने चाळीस वर्षं फळ्या कापल्या, पण शनिवार उजाडला की परात-फावडं घेऊन स्वारी टिंकरच्या ओढ्यावर. "वळणाच्या वर सोन्याची शीर आहे," हे त्याचं पालुपद.

"काय ऑर्विल, सोन्याचे दात कधी बसवतोयस?" हॉटेलवाली व्हर्ना कॉफी ओतताना डिवचायची.

"बसवले की आधी तुलाच चावून बघीन, खरी आहेस का ते!"

त्याची परीक्षा साधी होती. लांबून वाहत आलेलं सोनं घासून गुळगुळीत होतं. शिरेजवळचं खरबरीत राहतं. जन्मभरात त्याला मिळाले ते गुळगुळीत कणच. स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या बाटलीचा तळ जेमतेम झाकेल एवढे. वळणाच्या वर एक खरबरीत कण सापडला असता, तर तो खरा आणि सगळं गाव खोटं ठरलं असतं. बायको नडीन तेवढी म्हणायची, "असेल बाबा, असेल." त्या एका 'असेल'वर हा माणूस जगला.

यंदा हृदयाने दगा दिला. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, डोंगरही बंद केला. मुलीने शहरात आपल्या शेजारीच जागा बघितली; सोमवारी निघायचं ठरलं. म्हणून शनिवारी नडीन त्याला हाताला धरून ओढ्यावर घेऊन आली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच इथे येत होती.

वळणाच्या वर त्याने कशीबशी बादलीभर वाळू उकरली आणि धापा टाकत, डोळे मिटून दगडावर बसला. जरा दम खाल्ल्यावर वाळू परातीत घेऊन पाण्यात हलवू लागला. हलकी वाळू वाहून गेली, काळी राहिली, आणि काळीत पिवळं चमकलं. चांगले दहा-बारा कण.

"सापडलं?" नडीनने विचारलं. जरा लवकरच विचारलं.

त्याने परात उन्हाकडे कलती केली. सगळे कण गुळगुळीत. त्यातला एक गळासारखा वाकडा. मुलगी जन्मली त्या आठवड्यात सापडलेला, खिडकीतल्या बाटलीतला. तो त्याला कुठेही ओळखता आला असता.

रिकाम्या जागेत सोनं पेरून गिऱ्हाईक फसवायचं, याला आमच्याकडे मीठ टाकणं म्हणतात. जुना, बदनाम धंदा. नडीनने तो मायेपोटी केला, आणि जन्मभर ऐकलेलं खरबरीत-गुळगुळीत नेमकं विसरली. ऑर्विलला राग आला नाही. पण आतून तो पार खचला. तिलाही कधी खरं वाटलं नव्हतं, हे त्याला आज कळलं.

"सापडलं की गं," तो म्हणाला.

"मी म्हणत नव्हते?" तिने डोळे पुसले आणि लगबगीने डबा उघडला. उकडलेला घेवडा आणि मक्याचा पाव.

त्याने एक घास घेतला.

"मीठ जास्त झालंय, नडीन."

"काहीतरीच! चार महिने घरात मीठ नाही. चिमूटभरसुद्धा टाकलं नाही मी..."

ती बोलता बोलता थांबली. परातीकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि डब्याचं झाकण हातात धरून तशीच बसून राहिली.

ऑर्विलने घेवडा शेवटपर्यंत खाल्ला. अळणी होता.