रिठदचा कडू चहा आणि ताईची किडनी

डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता, पण झाली पंचाईत. जायचं कुठे? ऑपरेशन झाल्यापासून मी पुण्यातल्या माझ्या दोन खोल्या, लॅब आणि हॉस्पिटल एवढंच जग पाहिलं होतं. मी गर्दीत येत नाही, बाहेरचं खात नाही, म्हणून मित्रांनीही हळूहळू बोलावणं सोडलं. त्यांना दोष देत नाही, मला बोलावणं म्हणजे एक कटकटच. शेवटी ठरवलं, जिची किडनी घेऊन फिरतोय त्या ताईलाच भेटून यावं. ती वाशिम जिल्ह्यात रिठदला असते.

माझ्यासारखं प्रत्यारोपण झालेलं कुणी वाचत असेल तर आधी कामाचं सांगतो. गोळ्या जवळच्या पिशवीत ठेवा, जास्तीच्या दुसऱ्या पिशवीत. डिकीत अजिबात टाकू नका, तिथे भट्टी असते. पाकिटातून आधीच काढून ठेवू नका. फोनमध्ये गजर लावा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटोही ठेवा.

पुण्याहून रिसोडला थेट ट्रॅव्हल्स मिळते. सकाळी उतरलो आणि स्टँडवरच गजर वाजला. बाकावर बसून बाटलीतल्या पाण्याबरोबर गोळ्या घेतल्या. मला त्यानंतर तासभर खायचं नसतं. समोरच्या कढईत भजी तळली जात होती आणि मी मास्कमधून वास घेत बसलो होतो.

"घ्या ना भाऊ गरम गरम," हॉटेलवाला म्हणाला. "कोनाची वाट पाहून राह्यले?"

"घड्याळाची."

तो मनापासून हसला. कित्येक दिवसांत माझ्या बोलण्यावर कुणी हसलं नव्हतं, म्हणून तासाभरानं त्याच्याकडेच खाल्लं. कढईतून निघालेलीच भजी घेतली, चटणी आणि कापलेला कांदा परत केला.

रिठदला जायला जीप मिळते. भाडं किरकोळ, पण माणसं चेपून बसवतात, म्हणून मी पुढच्या दोन्ही सीटचं भाडं दिलं. मागच्या बाईंनी विचारलं, "बाजूले कोन बसनार हाये?" कुणी नाही म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला त्या रिकाम्या सीटची लाज वाटली. सोयाबीनची काढणी चालू होती, रस्ताभर धूळ. मला मागच्या लोकांत जाऊन बसावंसं फार वाटत होतं.

ताई ओट्यावरच उभी होती. "माही किडनी कशी हाये?" हे तिनं आधी विचारलं. "अन् तू?" हे नंतर.

पाणी माझं मी आणलेलं. कोशिंबीर नको, ताक नको, शेजारी भेटायला आले तर मी लांब. प्रत्येक नकाराला ताईचा चेहरा जरा जरा उतरत होता. संध्याकाळी तिनं चहा दिला. निदान हे तरी तिच्या हातचं घेऊ म्हणून मी अर्धा कप घटाघट प्यालो. चहा कडू लागला.

"ताई, यात काय आहे?"

"गुळवेल," ती खुशीत म्हणाली. "मागच्या कडुलिंबावरची. निंबावरची लय गुनकारी. ताकद येते, कोनताच रोग जवळ येत नाही."

मी लगेच कप ठेवला आणि हॉस्पिटलला फोन लावला. तिथून सांगितलं, आणखी घेऊ नका, गोळ्या आहेत तशाच वेळेवर घ्या, परत आल्याबरोबर रक्त तपासा. ताप आला किंवा लघवी कमी झाली तर थांबू नका, लगेच फोन करा.

ताई सगळं ऐकत होती. "मी आंगातलं काढून देल्लं तुले," ती म्हणाली, "अन् माह्या हातचा च्या तुले जहर झाला?"

मी तिला समजावलं. गुळवेल अंगातली रोगाशी लढायची ताकद जागी करते. ती ताकद जागी झाली की आधी किडनीवरच धावून जाईल, कारण माझ्या शरीराला ती परकी वाटते. गोळ्या त्या ताकदीला झोपवून ठेवतात.

"माही किडनी परकी? तुह्या आंगाले? अजूनबी?"

"कायमच, ताई. म्हणून गोळ्या जन्मभर."

तिनं माझा कप उचलला. "मले वाटे, देल्ली म्हंजे झालं," मग म्हणाली. "घरच्या घरात त गेली. पन हे त पोरगी सासरी देल्ल्यासारखं झालं. नांदते का नाही, आपल्याले रोज घोर." पदर डोळ्याला लावून तिनं कप मोरीत ओतला. मलाही रडू आलं. लहानपणी एका ताटात जेवलेल्या बहिणीला माझं अंग ओळखत नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी निघताना तिनं काही बांधून दिलं नाही. माहेरच्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवणारी ती गावात एकटीच असेल. जीपमध्ये तिनं स्वतःच दोन सीट सांगितल्या. "इथून रिसोडपर्यंत कोनी याले खेटू नका," असा दमही भरला.

पुण्यात उतरून थेट लॅब गाठली. रिपोर्ट येईपर्यंत खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. काही झालंच तर पहिल्यांदा कुणाला सांगायचं, याचा विचार केला तर एकच नाव आठवलं, आणि तिलाच ते सांगता आलं नसतं.

रिपोर्ट चांगला आला.

आता रोज सकाळी गजराच्या आधी ताईचा फोन येतो. "नांदून राह्यली ना?" एवढंच विचारते. मी हो म्हणतो, ती फोन ठेवते, मी गोळ्या घेतो. दिवसभरात माझ्याशी बोलणारं बहुतेक तेवढंच माणूस. म्हणून हल्ली मी लवकर उठून फोन हातात घेऊन बसतो.