परवलीचा शब्द नको, असं मी म्हणालो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता तरी का सांगतोय — खरंच माहीत नाही.

एकोणऐंशी साल असेल. मी साताऱ्याचा, नोकरी सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात. तिथं कॉम्प्युटर यायचा होता, आणि पुण्याला जाऊन ते शिकून आलेला मी एकटाच. मशीन एकच, पण ते चालवणाऱ्या सिस्टिम दोन. एकीत प्रत्येकाला आपलं नाव आणि परवलीचा शब्द द्यावा लागे. कुणी काय बदललं, पुसलं, ते मशीन लिहून ठेवी. दुसरीत काहीच नाही, बसेल त्यानं चालवावं. संचालकांनी मला एवढंच विचारलं — सुरक्षित कुठली?

माझ्या हाताखाली जगन्नाथ होता. माण तालुक्यातला, फौजेत सिग्नलमध्ये नोकरी करून आलेला. तो बैठकीत उठून म्हणाला, "आवं, फौजेत पासवर्ड इचारल्याबिगर तंबूतसुदिक सोडत न्हाईत. नाववालीच घ्या."

आणि मी? पुण्यात मला निम्मं कळलंच नव्हतं हो. रोज चुकायचो. त्या सिस्टिममध्ये प्रत्येक चुकीपुढं माझं नाव उमटलं असतं. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "कुणी शब्द विसरला तर ऐन गळितात कारखाना बंद पडेल. साधीच सुरक्षित." माझं शिक्षण बघून सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्याच हंगामात — मी जुनी यादी पुसायला बसलो आणि एका गावाच्या ऊसतोडीच्या पाळ्या पुसल्या. कळलं मला. तिथल्या तिथं कळलं. वाटलं, कागदावरून पुन्हा भरू. कागद सापडले नाहीत, आणि मी गप्प बसलो. गावातले लोक हेलपाटे घालत राहिले; "पाळी येईल" म्हणून ऑफिसातले त्यांना परत पाठवत राहिले. पाळ्याच पुसल्या गेल्यात हे बाहेर आलं तेव्हा चैत्र लागला होता. फडात ऊस नव्हता, चिपाडं उभी होती.

चौकशी झाली. कुणीतरी दुसऱ्या गावाकडून पैसे खाऊन नावं उडवली, असं सगळे धरून चालले होते.

"मशीनवरून कळत नाही, कुणी केलं ते?"

"नाही," मी म्हणालो.

"मग मशीनवर बसायचं कोण?"

"जगन्नाथ."

हे खोटं नव्हतं. तोही बसायचाच. पण हे मी स्वतःला किती वेळा सांगायचं?

त्याला काढलं. जायच्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी आला. "सायेब, तुमाला तरी वाटतं का, म्या केलं आसंल?"

मी म्हणालो, "मशीनमध्ये काही दिसत नाही, जगन्नाथ."

तो "व्हय," म्हणाला, आणि गेला.

पुढं त्यानं मुंबईत वॉचमनची नोकरी धरली. माणमध्ये त्याच्या घराला लोक 'ऊस खाल्लेल्याचं घर' म्हणत. पोरीचं जमलेलं लग्न त्यावरून मोडलं. एकदा दहिवडीच्या स्टँडवर तो मला भेटला, पार वाळलेला. हट्टानं चहा पाजला, माझ्या पोराबाळांची चौकशी केली. एसटी सुटेपर्यंत खिडकीखाली उभा होता. तेवढा वेळ पुरला असता मला. मी पावसापाण्याचं बोललो.

तो वारल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं. मी गेलो नाही. कारखान्यातून मी मानानं निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणात सगळे माझ्या चोख कामाबद्दल बोलले. मी हात जोडून ऐकत होतो.