उभ्या रेघेवर तोडलेली ओळ

नवरा गेल्यानंतर चौथ्या महिन्यात त्याची चूक निघाली. तो तळवड्यातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत होता. मीही याच कामात, पण दुसरीकडे. चाकणच्या एका कारखान्यासाठी खोक्यांवरची लेबलं छापणारा प्रोग्राम त्याने लिहिला होता. एका सकाळी ती लेबलं बिघडली, गाड्या गेटवर अडकल्या आणि उत्पादनाची लाइन थांबली.

हे मला कंपनीने कळवलं नाही. सासऱ्यांच्या गावचा एक जण त्या कारखान्यात स्टोअरला आहे, त्याने गावातल्या चहाच्या टपरीवर सांगितलं. असं काही बिघडलं की कारखाना कारणाचा अहवाल मागतो आणि तो आत बोर्डावर लावतो. त्यात ‘जबाबदार व्यक्ती’ असा रकाना असतो. तो मोकळा ठेवला की अहवाल परत येतो. त्या रकान्यात माझ्या नवऱ्याचं नाव होतं.

सासऱ्यांनी टपरीवर जाणं सोडलं. फोनवर म्हणाले, “तुमच्या पोरामुळं लाइन थांबली म्हन्त्यात. मी काय बोलनार, पोरी? मला त्यातलं काय कळतंय?”

पुढच्या रविवारी नवऱ्याचा ऑफिसातला सहकारी निगडीला घरी आला. पाण्याचा पेला हातात धरून बसला, प्यायला नाही.

“वहिनी, ते माझ्याकडून झालं.”

प्रत्येक खोक्याची माहिती एका ओळीत येते. भागाचा क्रमांक, बॅच, नग. मध्ये मध्ये उभी रेघ. प्रोग्रामने त्या रेघेवर ओळ तोडायची आणि तुकडे लेबलावर आपापल्या जागी ठेवायचे. पण ज्या भाषेत तो लिहिला आहे, तिथे तोडायच्या खुणेत उभ्या रेघेचा अर्थ ‘किंवा’ असा होतो. नुसती रेघ दिली तर यंत्र वाचतं: काही नाही, किंवा काही नाही, जिथे सापडेल तिथे तोड. आणि काही नाही हे तर कुठल्याही दोन अक्षरांच्या मध्ये असतंच. ओळीचा अक्षर अक्षर चुरा होतो. म्हणून रेघेच्या आधी दोन उलट्या तिरक्या रेघा द्याव्या लागतात. मग ती साधी रेघ राहते. नवऱ्याने त्या दिल्या होत्या. या सहकाऱ्याला त्या चुकून पडल्यासारख्या वाटल्या. जुना कोड स्वच्छ करताना त्याने त्या काढून टाकल्या.

त्याचा मला राग आला नाही. या चुकीतून आमच्या धंद्यातले पुष्कळ जण गेलेले असतात.

“मग नाव त्याचं कसं?”

“सर म्हणाले, त्याचं टाक. त्याला आता काय फरक पडणार आहे?” तो पेल्याकडे बघत राहिला. “माझं अप्रेझल आहे, वहिनी.”

मी त्या सरांना, त्यांच्या मॅनेजरला, फोन केला. ते फार गोड बोलले. “मॅडम, रिपोर्ट क्लोज झालाय, कस्टमरने ॲक्सेप्ट केलाय. आता उघडला तर सगळंच उघडावं लागेल. आणि खरं सांगू का, तो असता तर स्वतःच म्हणाला असता, टाका माझं नाव. इतक्या मोठ्या मनाचा माणूस.”

मोठ्या मनाचा माणूस. दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर, गावच्या पुढाऱ्यांची भाषणं झाल्यावर, याच सरांनी माइक हातात घेऊन हेच म्हटलं होतं. तेव्हा मला ते शब्द बरे वाटले होते. माणूस मोठ्या मनाचा ठरला की त्याच्यावर काहीही लादता येतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

सहकाऱ्याने एक कबूल केलं: गावी येऊन तो सासऱ्यांना, टपरीवरच्या माणसांसमोर, खरं काय ते सांगेल. ठरलेल्या सकाळी सासरे दाढी करून, धुतलेली टोपी घालून अंगणात खुर्चीवर बसले. मीही गेले होते. ऊन अंगणभर झालं तेव्हा मेसेज आला. सॉरी वहिनी, घरी पाहुणे आलेत.

“न्हाई येत का?”

“नाही, मामा.”

“मग तूच सांग मला. मी सांगतो त्यास्नी.”

मी सांगितलं. उभी रेघ म्हणजे बांध समजा. यंत्राला सांगायचं, बांध दिसला की वावर वेगळं कर. पण त्याला बांध नीट कळत नाही, ते दिसेल तिथे वावर तोडत सुटतं. म्हणून आधी दोन तिरक्या रेघांची खूण लागते, की बांध तो हाच.

“म्हंजी हद्दीचा दगड.”

“हो.”

“त्यो आपल्या पोरानं रोवला व्हता. उपटला दुसऱ्यानं.”

“हो, मामा.”

ते उठलेच. टपरीवर चार ओळखीची माणसं होती, तो स्टोअरवालाही होता.

“या आबा! लई दिसानं. कुटं दडी मारली व्हती?”

सासऱ्यांनी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. बांध, दगड, वावर. मध्येच अडखळले, दोन रेघांच्या एकदा तीन झाल्या. कुणीतरी हसून म्हणालं, “आबा, या वयात काँप्युटर शिकलं जनू!” दुसऱ्याने त्याला कोपराने ढोसलं. स्टोअरवाला चहाच्या ग्लासात बघत म्हणाला, “व्हय आबा, असंल तसं.” टपरीवाल्याने त्यांच्यापुढे चहा सरकवला. “बसा आबा. घ्या.”

असंल. पोर गेलेल्या बापाचं मन राखायला जे म्हणतात ते. त्यांनाही ते कळलं असावं, कारण चहा न संपवता ते निघाले.

घराकडे वळताना ते थांबले, काठी माझ्या हातात दिली.

“त्या तिरक्या रेघा कंच्या अंगाला कलत्यात, काढून दाव. माझं मधी चुकलं. उद्या परत सांगतो त्यास्नी.”

मी धुळीत दोन रेघा काढल्या, डावीकडे कललेल्या, आणि पुढे एक उभी. ते वाकून बघत राहिले.