काकींचं आसामचं तिकीट

काकी दुकानात आल्या की आधी कॉम्प्युटरच्या मागे जाऊन बघायच्या. तिथे तारा, धूळ आणि भिंत. मग पदर खोचून पुढे यायच्या, स्टूल ओढायच्या आणि स्क्रीनकडे बोट करून म्हणायच्या, "आत कोणतरी बसलंय."

"कोण बसणार काकी?"

"ते तू सांग. दुकान तुझं हाय."

कसबा बावड्यात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. संशयी माणसं मला नवी नाहीत. ओटीपी विचारला की फोन छातीशी धरणारे रोज येतात. तुम्हीही असे पाहिले असतील, कदाचित तुम्हीही त्यातलेच असाल. पण काकींचा संशय उगाच पुटपुटण्यातला नव्हता. त्या संशय घ्यायच्या आणि त्याच्या मागे लागायच्या.

त्यांच्या दारात दोन म्हशी होत्या. गल्लीतल्या दूध संकलन केंद्रात आपल्या दुधाला फॅट कमी लावतात असं त्यांच्या मनात बसलं. एके दिवशी त्यांनी एकाच म्हशीचं, एकाच वेळचं दूध दोन किटल्यांत भरलं. एक स्वतः नेली, दुसरी शेजारणीच्या हातून तिच्या नावावर पाठवली. शेजारणीची फॅट जास्त निघाली. काकी तिथे चकार शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या दहा बायका दोन-दोन किटल्या घेऊन रांगेत उभ्या. आठवड्यात मशीन बदललं. तेव्हापासून काकी काही बोलल्या की गल्ली कान देऊन ऐकायची. हे पुढे मला महागात पडलं.

त्या माझ्याकडे पहिल्यांदा तिकिटासाठी आल्या ते त्यांच्या मालकांचं वर्षश्राद्ध झाल्यावर आठ दिवसांनी.

"आसामला गाडी जाती न्हवं?"

आसाममध्ये त्यांची मुलगी होती. ती नर्स. पुण्यात नोकरीला असताना तिथल्या लॅबमध्ये काम करणाऱ्या आसामच्या मुलाशी तिने लग्न केलं. मालकांनी तिचं नाव घरात घ्यायचं नाही असं सांगितलं आणि सात वर्षं कुणी घेतलं नाही. तिचं पहिलं बाळंतपण तिकडे परक्या माणसांत झालं. आता पुन्हा दिवस गेले होते, सहावा महिना होता. "ह्या खेपेला मी जाणार," काकी म्हणाल्या. त्यांनी ते मला सांगितलं की स्वतःला, ते कळलं नाही.

"गाडी जाते, पण इथून नाही. कल्याणला बदलायची. तिथून पुढे तीन दिवस."

"असू द्यात की. सात वर्सं काढली, तीन दिवसांचं काय घेऊन बसलास?"

तिकिटाच्या साइटवर खातं लागतं. काकींना तेव्हा फोन फक्त बोलायला माहीत. त्यांचा मुलगा कारखान्यात कामाला, तो मोटारसायकलवरून दुकानावरून चालला होता. त्याला थांबवून त्याच्या नावाने, त्याच्या नंबरवर खातं उघडलं. त्याने गाडी बंद न करताच ओटीपी सांगितला, पासवर्ड मी त्याच्या फोनवर पाठवला.

"कुठलं तिकीट रं, भावा?"

मी काही बोलायच्या आत काकी म्हणाल्या, "तिकडचं."

त्याने हेल्मेटची काच खाली ओढली आणि गेला.

मग आमच्या बैठका सुरू झाल्या. साइट उघडायची, तारीख टाकायची, गाडी शोधायची. चौकटीत वेडीवाकडी अक्षरं यायची, ती जशीच्या तशी लिहायची. काकी मला ती मोठ्याने वाचायला लावायच्या आणि कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे लिहून घ्यायच्या.

"हे कशाला काकी?"

"उद्या म्हनाय नको, ह्यांनी दुसरंच लिवलं म्हनून."

"कोण म्हणणार?"

"आतला."

एकदा बारा जागा दिसल्या. मी काकींचं नाव, वय टाकून पुढे गेलो तर वेटिंग नऊ. "आत्ता बारा हुत्या. मी डोळं मिटलं न्हाईत. कुठं गेल्या?" मी समजावलं, काकी, देशभरातून लोक एकाच वेळी बघत असतात. त्यांनी रिकाम्या दुकानावर नजर फिरवली. "हितं तर कोण आलेलं दिसलं न्हाय."

एकदा पैसे भरायच्या पानावर चाक फिरत राहिलं आणि शेवटी साइटने आम्हाला बाहेर काढलं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा नाव, पुन्हा वय. "आत्ताच सांगितलं की वय! माझं वय इतक्यात बदललं व्हय?"

आणि एका तारखेपुढे तांबड्या अक्षरांत 'रिग्रेट' आलं.

"म्हंजे काय?"

"म्हणजे खेद आहे. वेटिंगसुद्धा संपलं."

"खेद कुणाला झालाय?"

"रेल्वेला."

काकींनी बराच वेळ त्या शब्दाकडे बघितलं. "झाल्यासारखा दिसत न्हाय," त्या म्हणाल्या.

माझ्यावरही त्यांचा पुरता विश्वास नव्हता. एका सकाळी त्यांनी पेठ वडगावच्या आपल्या बहिणीला तिथल्या दुकानात बसवलं. इकडे त्या माझ्या शेजारी, फोन कानाला. "तिकडं किती दाखवतंय?" बहीण सांगायची, काकी माझ्या स्क्रीनवर ताडून बघायच्या. किटल्यांचाच प्रकार, फक्त दुधाऐवजी जागा. दोन्हीकडे आकडा एकच निघाला तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

अखेर प्रवासाच्या दोन महिने आधी, बुकिंग खुलं होतं त्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला बसून आम्हाला तिकीट मिळालं. कन्फर्म, खालचा बर्थ. बाळंतपणाच्या तारखेच्या वीस दिवस आधी पोचणारं. काकींनी तीन प्रती काढून घेतल्या. एक देव्हाऱ्यात, एक ट्रंकेत, एक कमरेच्या पिशवीत. तरीही एक दिवसाआड यायच्या. "बघ, हाय का अजून."

मी बघायचो. असायचं.

निघायला बारा दिवस राहिले असताना मी बघितलं आणि नव्हतं. तिकिटापुढे 'रद्द' लिहिलेलं होतं.

मी पान पुन्हा उघडलं. तेच. माझा हात थांबलेला बघून काकींना कळलं. त्या आरडाओरडा न करता उठल्या, दुकानाच्या पायरीवर गेल्या आणि मग, समोरच्या पिठाच्या गिरणीलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "ह्यानं माझं तिकीट इकलं!"

लोक जमले. मी हात जोडून सांगत होतो, पण बावड्यात काकींच्या शब्दापुढे माझा शब्द कुठे टिकणार? आठवडाभर गिऱ्हाईक दुकानासमोरून मान वळवून पुढच्या चौकातल्या दुकानात जात राहिलं. बायको म्हणाली, "खरंच तुमच्या हातून तर काही झालं नाही ना?" ते जास्त लागलं.

मी खातं उघडून खोलात शिरलो. तिकीट रविवारी दुपारी सव्वादोन वाजता रद्द झालं होतं. त्या रविवारी मी गारगोटीला मेहुण्याच्या वास्तुशांतीला गेलो होतो. दुकानाला कुलूप. पासवर्ड दोघांनाच माहीत होता. एक मी. दुसरा, ज्याच्या नावावर खातं होतं तो.

मी कारखान्याच्या गेटसमोर चहाच्या गाड्यावर त्याला गाठलं. वाटलं होतं नाकारेल, अंगावर येईल. त्याने कप ठेवला.

"व्हय भावा. मीच केलं."

"अरे, माझं नाव खराब झालं गल्लीत!"

"म्हायती हाय. चुकलं." थोडा वेळ तो रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॅक्टरांकडे बघत राहिला. "ती गेली की परत यायची न्हाय."

"कशावरून? विचारलंस तिला?"

"इचारलं आणि ती 'व्हय, येणार न्हाय' म्हनली, मग?"

मला त्याचा राग आला होता. पण चहाचे पैसे दोघांचे मीच दिले. सात वर्षं बापाच्या बाजूने उभा राहिलेला मुलगा तो. बहिणीचा एक फोनही त्याने घेतला नव्हता. बाप गेल्यावर आता त्याला आईचीसुद्धा खात्री उरली नव्हती.

संध्याकाळी मी काकींच्या घरी गेलो. जाताना वाक्यं जुळवत होतो. त्या घराच्या पुढच्या सोप्यात बसून डिंकाचे लाडू वळत होत्या. समोर डबा अर्धा भरलेला. ज्या बाईचं तिकीट रद्द झालंय ती बाळंतिणीचे लाडू कशाला वळेल, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"काकी, तिकीट मी नाही..."

"नको सांगूस."

"अहो, पण कुणी केलं ते तरी..."

"म्हनलं न्हवं, नको सांगूस." त्यांनी लाडू डब्यात ठेवला आणि दाराकडे एकदा बघितलं. मुलगा अजून आलेला नव्हता. "रविवारी जेवान झाल्यावर माडीवर गेलता. खाली आला तवा माझ्याकडं बघंना. मी त्याची आई हाय रं."

"मग चार लोकांत माझं नाव का घेतलंत?"

काकी पहिल्यांदाच माझ्यापुढे ओशाळल्या. "मशिनावर संशय घेतला तर घरात भांडान होत न्हाय. तुझ्यावर घेतला, तू परका. आज न्हाय उद्या फिटतो. पोटच्या पोरावर घेतला की त्याच्या हातचं पानी कसं प्यायचं?"

त्यांनी एक लाडू माझ्या हातावर ठेवला. "खा. आनि उद्या माझ्या नावानं काढ खातं."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, तेव्हा दुकानात पाच-सहा माणसं होती. काकींनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "काल लाडू बरा झालता न्हवं?" त्या एका वाक्याने माझं दुकान पुन्हा सुरू झालं. ह्या बाईची माफी मागायची रीत ही अशी.

त्यांचं खातं उघडणंही सोपं नव्हतं. आधारवरचं नाव साइटला पटेना, एकदा ओटीपी आला तो वाचेपर्यंत मुदत संपली. पण ह्या वेळी काकी मशीनला शिव्या देत नव्हत्या. चष्मा लावून एकेक आकडा मला वाचून दाखवत होत्या. खातं झालं. तारखा मात्र हातच्या गेल्या होत्या. आता तत्काळशिवाय मार्ग नव्हता. रोज अकराच्या आधी त्या येऊन बसायच्या. पहिल्या दिवशी साइट अडकली. दुसऱ्या दिवशी पैसे भरेपर्यंत वेटिंग. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला, डॉक्टरांनी दिवस अलीकडे धरलेत. काकी बोलताना नेहमीसारख्याच खणखणीत होत्या, फोन ठेवल्यावर मात्र स्टुलाची कड धरून बसल्या.

चौथ्या दिवशी तिकीट मिळालं. वरचा बर्थ.

"काकी, वर चढायला..."

"शेवग्यावर चढून शेंगा काढल्यात मी."

कल्याणला त्यांचा भाचा गाडी बदलून देणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोल्हापूर स्टेशनवर पोचलो तेव्हा मुलगा आधीच आलेला होता. रजा टाकून. लाडवाचा डबा त्याच्या हातात. दोघं एका बाकावर बसली होती, मधे पिशवी ठेवून. गाडी लागली तसा त्याने सामान आत चढवलं, सीटखाली साखळीने बांधलं, कुलपाची किल्ली आईच्या कमरेच्या पिशवीत घातली. मग खिडकीपाशी येऊन उभा राहिला.

"परतीचं कवाचं हाय?"

"काढलं न्हाय," काकी म्हणाल्या. "जागा न्हाय म्हनला ह्यो."

त्याने माझ्याकडे बघितलं. परतीच्या तारखा काकींनी मला बघूच दिल्या नव्हत्या. "नगं. बघू नगंस," एवढंच म्हणाल्या होत्या.

"खरंच न्हाय?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

गाडी हलली. तो खिडकीचा गज धरून चार पावलं चालला. काकींनी गजावरच्या त्याच्या हातावर हात ठेवला आणि काढला. "म्हशीस्नी येळंवर पानी दाखव," त्या म्हणाल्या.

मुलीला मुलगी झाली. काकी वेळेत पोचल्या होत्या. ह्याला आता पाच महिने झाले. फोन येतात. नात रांगायला बघते, तिकडे भात फार खातात, जावई चहात साखर घालत नाही. परत यायचं काही बोलत नाहीत. मुलगा दुकानावरून जाताना माझ्याकडे बघतो, आणि त्या बघण्यात काय असतं ते मला कळतं. मी मान खाली घालून झेरॉक्स काढत राहतो. परतीचं आम्ही बघितलंच नव्हतं हा त्याचा संशय खरा आहे, हे त्याला सांगायचं धाडस मला झालेलं नाही.

परवा दुपारी तो आत आला. "तिकडनं हिकडचं बघ जरा."

मी साइट उघडली. तारीख टाकली. मनात म्हणालो, निदान आज तरी वेटिंग दाखव. एकामागून एक तारखा हिरव्या येत गेल्या. जागा होत्या. सगळीकडे होत्या. तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, वाकून बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "आता हिकडनं तिकडचं बघ. एकाचं."

मी त्याचं नाव लिहिलं. वय विचारलं, त्याने सांगितलं. तेवढ्यात त्याने खिशातून एक लहानशी कुंची काढली, झालरीची, बाजारातली, आणि ती टेबलावर पसरून हाताने सरळ केली.

"पाच म्हैन्याच्या पोरीला बसंल न्हवं ही?" त्याने विचारलं.