बँडच्या गाडीवरची खुर्ची

आमच्या यजमानांनी मला कधी पाहिलं नाही. लग्न होऊन मुलगी झाली, ती मोठी होऊन सुरतेला सासरी गेली, पण मी गोरी की सावळी हे त्यांना ठाऊक नाही आणि त्यांनी ते कधी विचारलंही नाही. लहानपणी त्यांना गोवर आला आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेला. त्यामुळे त्यांच्या लेखी मी म्हणजे माझा आवाज. घरात मी आहे की नाही, कुठल्या खोलीत आहे, चिडलेली आहे की दमलेली, सगळं त्यांना आवाजावरून कळायचं.

चोपड्याला माझ्या माहेरी ते मला बघायला आले, म्हणजे त्यांची आई बघायला आली आणि ते ऐकायला. माझ्या तोंडामुळे आधीची दोन स्थळं गेली होती, त्यामुळे वडिलांनी मला त्या दिवशी गप्प बसायची ताकीद दिली होती. मी पोह्यांची बशी त्यांच्या हातात दिली आणि खरंच गप्प बसले. त्यांच्या आईनं आपल्या अहिराणी बोलीत सुरुवात केली, "मना पोऱ्या आंधया शे, पन त्याना कान सोनाना शेतस." मग ते हसले आणि माझ्या दिशेनं म्हणाले, "काही तरी बोला ना. काहीही." आता काहीही म्हणजे काय बोलायचं? मी म्हटलं, "पोहे गार होताहेत, खाऊन घ्या, पुन्हा कोण तापवणार?" वडिलांनी कपाळाला हात लावला. यांनी पोहे संपवले आणि तिथल्या तिथे होकार दिला. नंतर कधी विचारलं, तर सांगायचे की माझ्या आवाजाला धार आहे आणि खाली ओल आहे. असलं काही ऐकून कोण बाई विरघळणार नाही? मी विरघळले.

अंधशाळेत ते पेटी शिकले होते. तिथून गावी आल्यावर भजनी मंडळात वाजवायचे आणि त्यांची ख्याती अमळनेरच्या एका बँडमालकाच्या कानावर गेली. बँडच्या मालकाला सगळे आप्पा म्हणत. आप्पांनी यांच्यापुढे एक जुना कॅसिओ ठेवला. गाणं एकदा ऐकलं की दुसऱ्यांदा बोटांतून निघायचं, गायक कोणत्याही पट्टीत सुरू करो, हे त्याच्या मागे सावलीसारखे. महिन्याभरात आप्पा त्यांना मास्तर म्हणू लागले आणि मग सगळं अमळनेर मास्तर म्हणू लागलं.

पण बँड म्हणजे एका जागी बसून वाजवणं नव्हे. नवरदेवाची मिरवणूक गावभर फिरते, हळदीच्या दिवशी नाच होतो, आणि वाजवणाऱ्यांना भोंग्यांच्या गाडीच्या मागे-पुढे चालत राहावं लागतं. हे एका पोराच्या खांद्यावर हात ठेवून, कॅसिओ गळ्यात अडकवून चालायचे. पारोळ्याकडच्या एका लग्नात नाचणाऱ्यांचा लोंढा अंगावर आला, खांदा सुटला, हे खाली पडले आणि गाडीचं चाक पायाच्या अंगठ्यावरून गेलं. अंगठा वाचला. पण आप्पांनी तो प्रसंग जिवाला लावून घेतला. पुढच्या मोसमात त्यांनी सुताराला बोलावून गाडीवर एक खुर्ची ठोकून घेतली, तिला चारी बाजूंनी कठडा केला, वर लाल मखमल लावली, आणि यांना हाताला धरून चढवलं. "मास्तर, तुम्हले कोनी धक्का माराले नको," ते म्हणाले. "आठेच बसा, राजाना मायेक." इथेच, राजासारखे.

ती खुर्ची दोन भोंग्यांच्या मधोमध होती. गाडीवर दुसरी जागाच नव्हती. भोंगे दोन्हीकडून आधार देतील, वळणावर मास्तर कलंडणार नाहीत, असा सगळ्यांचा हिशेब. प्रेमानं केलेली सोय होती. त्या दिवशी मलाही इतकं बरं वाटलं होतं की मी आप्पांच्या घरी पुरणपोळ्या पाठवल्या.

मग त्या खुर्चीचे दिवस आले. कठड्याला दिव्यांच्या माळा लागल्या, बँडच्या पाटीवर यांचा काळा चष्मा घातलेला फोटो लागला. लोक आधी आप्पांना फोन करून मास्तरांची तारीख घ्यायचे आणि मग भटजींकडे मुहूर्त काढायला जायचे. धुळ्याला अहिराणी गाण्यांचं रेकॉर्डिंग सुरू झालं तेव्हा चाल बांधायला हेच. मोबाइलवर ती गाणी घराघरांत वाजू लागली, एसटीत शेजारी बसलेला माणूस यांचंच गाणं यांना ऐकवायचा आणि हे मिटल्या तोंडानं हसायचे. जळगावात मेहरूणला हे घर झालं ते त्याच कमाईतून. नातेवाइकांत ज्यांनी "आंधळ्याच्या पदरी पोर दिली" म्हणून माझ्या आईला टोमणे मारले होते, ते आपल्या मुलांच्या लग्नासाठी माझ्याकडे वशिला लावायला येऊ लागले. मी त्यांना चहा द्यायचे आणि मुद्दाम तिष्ठत ठेवायचे. एवढं सुख मी घेतलं, का घेऊ नये?

दर मोसमाला भोंगे वाढत गेले. समोरच्या बँडवाल्यानं चार लावले की आप्पा सहा लावायचे, मग भोंगे जाऊन माणसाच्या उंचीचे बॉक्स आले. वरात गल्लीतून गेली की आमच्या खिडकीच्या काचा थरथरायच्या, गाभण म्हशी दावं तोडायच्या, म्हातारे छातीवर हात ठेवायचे. आम्ही घरात बसून कानांवर उशा घ्यायचो. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, मखमलीच्या खुर्चीवर, आमचा माणूस.

पहिल्यांदा लक्षात आलं ते कानबाई देवीच्या विसर्जनाला. श्रावणातला तो सोमवार, बायका कानबाई डोक्यावर घेऊन नाचत नदीकडे निघाल्या होत्या, यांचाच बँड होता. नदीकाठी वाजप थांबलं, मी गाडीजवळ जाऊन हाक मारली, "चला उतरा, प्रसाद घ्या." ते समोर तोंड करून बसलेले. मी पुन्हा हाक मारली. शेजारी ढोलवाला हळूच म्हणाला, "मास्तर, वहिनी बोलावताहेत," तेव्हा लगेच वळले. पुरुषाचा आवाज आला आणि माझा आला नाही. मला वाटलं, गर्दीत झालं असेल.

मग मुलीचा फोन आला की ते "हां, हां" म्हणत फोन माझ्याकडे द्यायचे. काय म्हणाली, विचारलं तर, "बरी शे ती." एकदा ती रडत होती, सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलं होतं, आणि हे तिला म्हणाले, "छान, छान." फोन माझ्या हातात आला तेव्हा पोरगी गप्प झाली होती. मी यांना फाडफाड बोलले. ते ऐकत होते की नुसते माझ्याकडे तोंड करून बसले होते, आता सांगता येत नाही.

जळगावच्या कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं. बाहेर आल्यावर त्यांनी धंदा विचारला. मी सांगितलं, खुर्चीचंही सांगितलं. डॉक्टर तरुण होते, त्यांच्या स्वतःच्या लग्नात आप्पांचाच बँड होता. मग म्हणाले की कानाच्या आतल्या नसा गेल्या आहेत, त्या परत येत नाहीत. बारीक, उंच आवाज आधी जातात. ढोल ऐकू येईल, ट्रकचा हॉर्न येईल, बाईचा आणि लहान मुलाचा आवाज जाईल.

म्हणजे ज्या माणसाला मी फक्त आवाज होते, त्याच्यातून सगळ्यात आधी मीच जाणार होते. दवाखान्याच्या बाकावर मी पदर तोंडात कोंबून रडले. यांना ते ऐकू येऊ नये म्हणून कोंबला होता. इतकी मी वेडी.

यांनी बँडची गाडी सोडली. आप्पा घरी आले, ओसरीवर बसले आणि लहान मुलासारखे हमसून रडले. "मी तुम्हले जपाले वर बसाडं हो मास्तर," एवढंच पुन्हा पुन्हा. यांनी चाचपडत त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "तुम्हनाच तर आवाज येस माले आप्पा, रडू नका." मला त्या क्षणी आप्पांचा राग आला, त्यांच्या जाड, भरड्या आवाजाचा हेवा वाटला. कोणावर ओरडायचं? आप्पांनी खुर्ची केली नसती तर यांचे पाय गेले असते. मोठा आवाज मागणारे लोक आमचेच, नाचणारे आमचेच, घर त्याच पैशाचं. माझा राग भांड्यांवर निघायचा आणि तो आवाजही यांच्यापर्यंत पोचत नसे.

कानात घालायचं मशीन आणलं. त्यात माझा आवाज यायचा, पण पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा, असं ते म्हणाले. "मग ओळख लागते का माझी?" मी विचारलं. "लागस ना," म्हणाले, पण विचार करून म्हणाले. मग मी जाड आवाजात बोलायला शिकले. घशातून, छातीतून, बाप्या माणसासारखं. दारावर भाजीवाला आला की मी चुकून त्याच्याशीही तसंच बोलायची आणि तो टोपली धरून दोन पावलं मागे सरकायचा. यांना सांगितलं की ते पोट धरून हसायचे. ते दिवस त्यातल्या त्यात बरे होते.

कॅसिओ घरी आणून खिडकीशी ठेवला. रोज दुपारी वाजवायचे. एकदा वीज गेलेली, मी वाळवण काढून आत आले तर हे मान डोलावत वाजवत होते आणि कॅसिओतून सूर नाही, नुसती पट्ट्यांची टकटक. चेहऱ्यावर मात्र सगळं गाणं होतं. वीज नाही हे मी त्यांना सांगितलं नाही. दारात उभं राहून ती टकटक शेवटपर्यंत ऐकली आणि संपल्यावर खांद्यावर थाप दिली. ते म्हणाले, "बरं जमनं ना?"

मशीनचा आवाज वाढवत वाढवत शेवटच्या खुणेपर्यंत गेला. त्या काळात त्यांचा एकच हट्ट असायचा, "बोल." कसलंही बोल. मग मी बोलायची. समोरच्यांनी गच्चीवर पाण्याची टाकी कशी बसवली, केळी कशी भाव खाऊन आहेत, मुलीच्या सासूला कसं मी एकदा गार केलं. सांगायला काही उरलं नाही की खोटंनाटं रचून सांगायची. आयुष्यभर मला लोकांनी गप्प बस म्हणून सांगितलं, आणि हा एक माणूस मला बोल म्हणत होता. मला वाटायचं, मी थांबले नाही तर त्यांचं ऐकू येणं जाणार नाही.

परवाची सकाळ. मी उठल्यापासून बोलतच होते. पाणी कमी दाबानं आलं, दूधवाल्यानं पिशवी फुटकी दिली, चहात आलं जास्त पडलं, आणि काल तुम्ही मशीन उशीखाली ठेवलंत, असं कोण ठेवतं, कानात घातलं का आज? त्यांनी घातलेलं होतं, मला दिसत होतं. सेल मीच बदलले होते. ते खाटेवर पाय खाली सोडून, हात मांडीवर ठेवून बसले होते, मान थोडी तिरपी, जशी कोणाची चाहूल घेताना असते. मी जवळ जाऊन त्याच जाड आवाजात म्हटलं, "चहा घ्या."

"रागे भरनी का वं?" ते म्हणाले.

मी म्हटलं, "नाही हो."

"सकायपाईन तू एक शबद बोलनी नही." त्यांचा आवाज फार मऊ होता. माझा अबोला त्यांना कधीच सोसवत नसे. "मनं काही चुकनं व्हई तं सांग. मशीन उशीखाले ठेवाले नको व्हतं. आते नही ठेवाव. बोल ना आते."

मी ओरडले. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, घसा फाटेपर्यंत ओरडले की मी बोलतेय, मी सकाळपासून बोलतेय. समोरच्या घरातल्या सूनबाई खिडकीत आल्या. हे तसेच बसून होते आणि तोंडानं माझी माफी मागत होते.

मग मी त्यांचा हात उचलला आणि त्यांची बोटं माझ्या ओठांवर ठेवली, आणि बोलत राहिले. काय बोलले आठवत नाही, बहुतेक चहाचंच. त्यांची बोटं आधी दचकली, मग तिथेच थांबली. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरत गेलं.

"तू बोली राहिनी," ते म्हणाले.

मी जोरजोरात हो म्हटलं.

"कवयपाईन?" त्यांनी विचारलं. कधीपासून.

मी सांगितलं. त्यांची बोटं माझ्या ओठांवरच होती, आणि ते अजून उत्तराची वाट बघत होते.