वरणभातावर बोळवण

निवृत्त झाल्यावर माणसं योगासनं करतात, गच्चीत कुंड्या लावतात, नाहीतर उजाडल्यापासून सगळ्यांना फुलांची चित्रं पाठवतात. आमची निशामावशी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली आणि सूड घ्यायला बाहेर पडली.

सूड जुना होता. चौदा मे १९८७ला डोंबिवली पूर्वेच्या एका मंगल कार्यालयात तिचं लग्न झालं. कार्यालयाचं नाव मावशी तोंडात घेत नाही, 'ती जागा' म्हणते. रिवाजाप्रमाणे वरपक्ष आधी जेवला आणि वधूची आई, म्हणजे माझी आजी, शेवटच्या पंगतीला बसली. पानात वरणभात पडला, जिलबीचं ताट दाराशी दिसलं, आणि तिथले व्यवस्थापक बाबुराव आडवे आले. "वेळ संपली, बाई," एवढंच म्हणाले. संध्याकाळच्या लग्नाची मंडळी येऊन थांबली होती. ताट मागच्या मागे गेलं. आजी वरणभातावर उठली आणि पुढे सव्वीस वर्षं जगूनही याबद्दल अवाक्षर बोलली नाही. मावशीच्या मते तिला ते किती लागलं होतं याचा हाच पुरावा. त्या दिवशी मी बारा वर्षांचा होतो आणि पहिल्या पंगतीत नऊ जिलब्या खाल्ल्या होत्या. हे मावशीला अजून माहीत नाही.

बाबुरावांना गाठायचं आणि आईच्या पानाचं उट्टं काढायचं, एवढा एकच कार्यक्रम होता. साक्षीदार म्हणून मला बरोबर घेतलं.

ती जागा जागेवर नव्हती. तिथे बावीस मजले उभे होते. मावशीने फाटकापासून पावलं मोजली, एका पांढऱ्या गाडीपाशी थांबली आणि म्हणाली, "आई इथे बसलेली. नेमकी इथे." वॉचमनने गाडीला हात लावू नका म्हणून सांगितलं. मावशीने लावला.

मग तपास सुरू झाला. बँडवाला नक्की सांगेल म्हणून गेलो, तर त्याच्या दुकानात दातांचा दवाखाना. मांडववाल्याच्या गोदामात आरशांसमोर पोरं वजनं उचलत होती. आचाऱ्याचं घर ज्या गल्लीत होतं ती गल्लीच सापडेना. दोन्ही टोकं होती, मधली गायब. मी आपला हळहळत होतो. इथे काय छान उसाचा रस मिळायचा वगैरे. मावशीला हळहळ ठाऊक नाही. ती भडकत चालली होती.

"त्या जागेची एक तरी काच मला फोडायची होती," ती म्हणाली. "यांनी अख्खी पाडली. कुणाला विचारून?"

शेवटी हौसाबाई भेटली. पूर्वी ती कार्यालयाच्या दारात गजरे विकायची, आता एका केकच्या दुकानाबाहेर बसते.

"बाबुराव व्हय? पोराकडं गेलाय ऱ्हायला, माजिवड्याला. लय वर्सं झाली. हाय का गेला, कुनाला ठावं."

मावशीचा चेहरा उतरला. "मेला असेल तर रे?" तिने मला विचारलं. इतक्या काळजीने तिने माझ्या काकांच्या बायपासचीही चौकशी केली नव्हती.

बाबुराव जिवंत होते. माजिवड्याला एकतिसाव्या मजल्यावर, वय चौऱ्याऐंशी, दात स्वतःचे. दार उघडताच एवढे खूश झाले की आम्ही कोण हे विचारायचंच विसरले. खिडकीपाशी नेऊन म्हणाले, "खाली हिरवं दिसतंय ना? झाडं नाहीत ती. बांधकामाची जाळी आहे."

"माझं लग्न तुमच्याकडेच झालं," मावशी मधाळ आवाजात म्हणाली. "भाच्याच्या मुलीचं केळवण आहे रविवारी. जुन्या माणसांचा आशीर्वाद हवा. याल ना?"

बाबुरावांचे डोळे भरून आले. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

रविवारी मावशीकडे टेबलावर केळीची पानं मांडली. बाबुराव, मी, माझी मुलगी मेघना आणि होणारा जावई सुमित. वरणभात झाला आणि मावशी जिलबीचं ताट घेऊन निघाली. सुमितला चार, मेघनाला तीन, मला दोन. बाबुरावांना भात.

"ताई, जिलबी इकडे यायची राहिली."

"हो का? भात घ्या ना अजून. वरण ऊनऊन आहे."

ताट पुन्हा आलं, पुन्हा त्यांच्यासमोरून गेलं. सुमितला यातलं काही ठाऊक नव्हतं. भला मुलगा. त्याने स्वतःची एक उचलली, "आजोबा, माझी घ्या."

"जावईबापू," मावशी म्हणाली, "पानातलं उचलून देत नाहीत." सुमितने जिलबी खाली ठेवली. मेघनाने टेबलाखालून त्याला काय केलं ते मला कळलं नाही, पण तो दचकला.

तिसऱ्या फेरीला बाबुराव थांबले. हजारो पंगती उठवलेला माणूस, त्याला आणखी समजवावं लागलं नाही.

"साल कुठलं?"

"सत्त्याऐंशी. चौदा मे."

"त्या दिवशी तीन लग्नं होती. तुमचं कुठलं?"

"मधलं. शेवटच्या पंगतीला माझी आई होती."

"मी काय म्हणालो?"

"वेळ संपली, बाई."

"म्हणालो असेन," बाबुराव म्हणाले. "रोजच म्हणायचो. आई आहेत?"

"नाही."

त्यांनी जिलबीच्या ताटाकडे बघितलं, मग मावशीकडे. मला वाटलं, आता वाढेल. मावशी ताट छातीशी धरून उभी राहिली.

"मग वाढा भात," बाबुराव म्हणाले. पानात एक शीत न ठेवता जेवले, पान दुमडलं, मेघनाला आशीर्वाद दिला आणि मी करून दिलेल्या रिक्षात बसून गेले.

मावशीने लगेच कल्याणला फोन लावला. तिथे आजीची नणंद असते, आम्ही तिला आत्याआजी म्हणतो. वय ब्याण्णव. त्या पंगतीत आजीच्या शेजारचं पान तिचं होतं.

"आला?" पलीकडून आवाज.

"आला."

"काय वाढलंस?"

"वरणभात. जिलबी तीनदा समोरून फिरवली."

"बघत होता?"

"बघत होता."

"लिंबू?"

"नाही."

"मीठ?"

"वाढलं गं. मीठ तर वाढावंच लागतं."

"कशाला?" आत्याआजी म्हणाली आणि फोन ठेवून दिला.